रेड अप म्हणजे आवरणं

माझं गाव हर्नडन सोडलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं. गाडीत शेजारी सुमनमावशी बसली होती, माझ्या आईची नागपूरची मैत्रीण. तिचा एकुलता एक मुलगा निखिल पेनसिल्व्हेनियात शिकत होता. हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरून तो गेला. त्याला नागपूरला नेऊन सगळं झालं होतं; आता मावशी त्याचं सामान न्यायला आली होती.

डोंगर लागले, तसा फोनचा सिग्नल गेला. एक वळण चुकलं आणि आम्ही बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीपाशी पोचलो. पेट्रोल पंपावरच्या माणसानं रस्ता दाखवला.

निखिल राहायचा ते घर टेकडीच्या उतारावर होतं. म्हातारी घरमालकीण मार्था दारातच उभी होती. मावशीचे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "आय डिडन्ट रेड अप हिज रूम."

"काय म्हणून राहिली ती? लाल काय?" मावशीनं मला विचारलं.

मलाही कळलं नव्हतं. मग मार्थानंच सांगितलं. रेड अप (आवरणं) हा तिच्या आजीचा शब्द. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या खेड्यांतून आलेल्या माणसांबरोबर तो या डोंगरांत आला आणि टिकला. "आईनं खोली जशी होती तशी बघावी, असं वाटलं मला," ती म्हणाली.

खोलीत खुर्चीवर स्वेटर, उशीला खळगा, कपाच्या तळाशी वाळलेला चहा. मावशी स्वेटर मांडीवर घेऊन बसून राहिली. मार्थानं बटाट्याचं गरम सूप आणलं. मावशीनं दोन चमचे घेतले.

मी फोनवर शब्दकोश उघडला. या शब्दात दोन जुने शब्द मिसळलेत म्हणे: एकाचा अर्थ जागा मोकळी करणं, दुसऱ्याचा सोडवणं, वाचवणं. मी ते मावशीला सांगितलं.

"वाचवणं," ती हळूच म्हणाली. मग उठली. "चल, आवरू."

कप तिनं स्वतः विसळला. मार्थानं तो पुसला. एकमेकींची भाषा येत नसताना दोघींनी मिळून चादरीच्या घड्या घातल्या. स्वेटर मावशीनं बॅगेत ठेवला नाही, अंगात घातला.

परतताना डोंगर मागे पडले आणि मावशीला हुंदका फुटला. "मावशी, आवर स्वतःला," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आपल्याकडे घर आवरतात तसं रडूही आवरतात. मार्थाच्या शब्दानं टेबल आवरता येतं, वाट मोकळी करता येते. पण त्या शब्दानं रडू आवरल्याचं मला शब्दकोशात कुठे सापडलं नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली आणि तिला रडू दिलं.