आई, बाबा आणि नानजिंगचं बदक

माझा धाकटा भाऊ डॉक्टर व्हायला चीनला गेला, तेव्हा आमच्या सिंदी गावातल्या निम्म्या लोकांना तो वेडा वाटला आणि उरलेल्यांना बाबा. बाबांचं किराणा दुकान होतं. घर पक्कं शाकाहारी. कुणी अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी आई हात धुवायची. भाऊ नानजिंगहून फोन करायचा, "भात न् उकडलेली पत्ताकोबी खाऊन राह्यलो," आणि आई फोन ठेवून डोळे पुसायची. पोराच्या पोटात नीट काही जावं म्हणून तिने सोमवारचे उपास धरले होते. शेवटी त्याच्या तिसऱ्या वर्षी आई, बाबा आणि मी त्याला भेटायला गेलो.

भावाने सकाळीच आम्हाला शहर दाखवायला काढलं. आधी शहराचा जुना तट. लोक फोटो काढत होते आणि आमचे बाबा उकिडवे बसून विटा वाजवून पाहत होते.

"वीट खणखणीत हाय," ते उठत म्हणाले. "गोदामाले अशी भेटली असती तर उंदीर शिरले नसते."

तट बांधणाऱ्या बादशहाला सहाशे वर्षांत याहून मोठी दाद मिळाली नसेल.

तटाखाली मोठं तळं होतं. त्यात पायाने चालवायच्या, बदकाच्या आकाराच्या होड्या. आई पाण्याला भिते. पण पोरगं म्हणतं म्हणून बसली आणि काठावर परत येईपर्यंत तिने त्या बदकाची मान सोडली नाही. उतरल्यावर समोर पिवळ्या भिंतींचं बुद्धाचं देऊळ दिसलं. तिथे बिनमांसाच्या शेवया मिळतात, असं भाऊ म्हणाला.

"मंग तिथंच चाल ना," आई म्हणाली.

"तिथं लय गर्दी असते. मागच्या गल्लीत माह्या ओळखीचं हाटेल हाय. मी चिनीत बराबर सांगतो त्याहिले."

ओळखीचं म्हणजे किती ओळखीचं, ते दारातच कळलं. मालकीणबाई भावाला पाहून ओरडलीच. तिने त्याचा गाल ओढला, आत नवऱ्याला हाक मारली, आणि भाऊ चिनीत तोंड उघडायच्या आत त्याच्यापुढे कापलेल्या बदकाची बशी आणून ठेवली.

"हे काय व्हय?" आईने विचारलं.

"चुकून आणलं वाटते तिनं."

मालकीणबाईला मराठी येत नव्हतं, पण आईचा चेहरा वाचता येत असावा. तिने अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. तिथे एक फोटो चिकटवलेला होता. त्यात आमचा भाऊ, दोन्ही हातांत एकेक तंगडी, तोंड तेलाने चकचकीत.

आई उठून फोटोजवळ गेली.

"कोंबडी हाय का?"

"बदक," भाऊ पुटपुटला.

"मघाशी ज्याच्यावर बसलो थेच?"

मला हसू आवरेना, म्हणून मी टेबलाखाली चप्पल शोधायला वाकले.

"थंडी लय असते, आई. नुसत्या पत्ताकोबीनं भागत नाई."

"आन म्या तिकडे तुह्यासाठी सोमवार करून राह्यली!"

हे चालू असताना बाबांनी बशी आपल्याकडे ओढली. "अन्न हाय. वाया घालवता येत नाई," म्हणाले आणि एक तुकडा उचलला. जेवायच्या काड्यांच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्यांनी हाड दाताखाली धरलं, एका झटक्यात मोडलं, आतलं सगळं ओढून घेतलं आणि साफ झालेलं हाड बशीच्या कडेला ठेवलं. मग दुसरं. इतकी सफाई आमच्यापैकी कुणी त्यांच्या हातात कधी पाहिली नव्हती. दुकानात साधी पुडी बांधताना त्यांचा दोरा तुटायचा.

आईची मान भिंतीवरून हळूहळू बाबांकडे वळली.

"तुम्ही पयल्यांदा नाई खाऊन राह्यले."

बाबांनी हातातलं हाड बशीत ठेवलं.

"हिंगणघाटले माल आणाले जात होते ना," आई म्हणाली. "आन रातच्याले आलं की पोट जड हाय म्हनून नुसतं ताक पेत होते. मी ओवा देत होती तुमाले. ओवा!"

"अवं, यापाऱ्याचा आग्रह रायते..."

"चाल वं," आई मला म्हणाली. "याहिले बसू दे बदकासंग."

आम्ही निघालो. आई पुढे, मी मागे. दोघींनाही चिनीचा एक शब्द येत नव्हता. पिवळ्या भिंती दिसतच होत्या. देवळात रांग होती. आई उभी राहिली आणि पुढच्या बाईच्या वाडग्याकडे बोट दाखवून तिने दोन वाडगे घेतले. गरम शेवया, वर मशरूम आणि टोफू. तिने काडीने तळ ढवळून मांस नाही ना ते पाहिलं, वास घेतला आणि मग जी जेवली, की मी पाहतच राहिले. वर आणखी एक वाडगा तिने मला पाठवून मागवला.

बऱ्याच वेळाने बाप-लेक घामाघूम होऊन आले. गल्लीबोळ धुंडाळून दोघांचे चेहरे उतरले होते.

"काऊन निघून आल्या अशा? हरवल्या असत्या तर?" बाबा धापा टाकत म्हणाले.

आईने पदराने तोंड पुसलं. "भूक असन तर बसा. पन इथं बदक नाई भेटत."

सिंदीला परतल्यावर तिने मागच्या अंगणात एक वेगळी चूल मांडली, शिजवायला वेगळा गंज आणला. ज्याला तसलं खायचं त्याने तिथे शिजवावं, स्वतः घासावं, चोरून कुठे जाऊ नये. बाबांनी हौसेने एकदा मटण केलं; ते कच्चं राहिलं. दुसऱ्यांदा करपलं. आई ओसरीत बसून तांदूळ निवडत सगळं पाहत होती, आणि मधूनमधून विचारत होती, "झालं का?" तिसऱ्यांदा काही त्यांनी चूल पेटवली नाही.