कलाबाईचा शब्द आणि सेठचा पाइप

सुकदेव हा माणूस मला पहिली दोन वर्षं अजिबात आवडला नाही. गुजरातेत कतारगामच्या चाळीत त्याची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी पालिकेच्या मराठी शाळेत मास्तर, तो लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, विणकर. मूळचा शिंदखेड्याकडचा. बारा वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्याला ऐकू कमी येत होतं, म्हणून तो सगळ्यांशी भांडल्यासारखा बोलायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण कुणीही नवी वस्तू आणली की न विचारता उचलायची, उलटीसुलटी करायची आणि तिच्यातली खोट काढून दाखवायची, ही त्याची खोड मात्र डोक्यात जायची. मी हौसेनं छत्री घेतली तर याने तिच्या काड्या चाचपून एक सैल असल्याचं सांगितलं. सैल होतीच, त्याचा जास्त राग आला.

त्याची बायको कलाबाई अगदी उलटी. मोजकं बोलायची, आणि एकदा बोलली की झालं. ती सकाळी धनसुखभाईंच्या बंगल्यावर झाडूपोछा करायला जायची. सुकदेव ज्या खात्यात होता, ते खातंही याच धनसुखभाईंचं.

शहरात प्लेग येऊन गेला त्याला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. धनसुखभाईंची साठी झाली आणि त्यांच्या मेहुण्यानं लंडनहून त्यांच्यासाठी पाइप आणला. तांबूस लाकडाचा, आरशासारखा चकचकीत. जन्मभर बिडी ओढलेला हा माणूस आता झोपाळ्यावर बसून पाइप ओढू लागला. पाचव्या दिवशी पाइपाच्या वाटीखालून धूर निघाला आणि सेठचं बोट भाजलं. उलटा करून पाहिलं तर खाली तिळाएवढं छिद्र पडलेलं. घरात वस्तू पुसते कोण? कलाबाई.

सेठ ओरडले नाहीत. पाडलास म्हणून कबूल कर, मी विसरून जाईन, असं म्हणाले. पण खोटं बोलणारं माणूस मला घरात नको आणि खात्यातही नको. रविवारपर्यंत सांग. म्हणजे बाईच्या एका शब्दावर दोघांचं काम टांगलेलं.

ती घरी आली आणि म्हणाली, "मना हातथून पडना नही."

त्या आठवड्यात चाळीतल्या प्रत्येकानं तिला शहाणपण शिकवलं. शेजारची मंदा शिकवून गेली, सुकदेव तर उठताबसता शिकवत होता. सांगी टाक पडना म्हनीसन, तुनं काय जास? मीही मागे राहिलो नाही. वर्गात शुद्धलेखन समजावतो त्या सुरात तिला म्हणालो की वहिनी, एक वाक्य आहे, बोलून मोकळ्या व्हा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की जी वस्तू मी पाडली नाही ती पाडली म्हणून कशी सांगू, गुरुजी? त्यावर मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण ते नक्कीच पोकळ होतं.

रविवार उजाडला तरी ती बधेना. तेव्हा सुकदेवनं मला बाजूला घेतलं आणि दोघांनी मिळून ठरवलं. तिला सांगायचं नाही, आपणच जायचं, तिच्या वतीनं पाडल्याचं कबूल करायचं आणि हात जोडायचे. माझी गुजराती चांगली, म्हणून बोलणार मी. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो आणि सुकदेव एकसारखा घाम पुसत होता.

सेठ झोपाळ्यावर होते. सेठाणी आतल्या दाराशी उभ्या. पाइप समोर टीपॉयवर, जणू पुरावा म्हणून मांडलेला. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. मी घसा साफ करून सुरुवात केली, "धनसुखभाई, माणस छे, भूल..."

एवढ्यात सुकदेवनं पाइप उचलला.

मी त्याचा शर्ट ओढला. तो कुठला थांबतोय. पाइप उलटा करून त्यानं ते छिद्र उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं, मग ते नख नाकाशी नेलं. सेठाणी गुजरातीत म्हणाल्या की आता उरलेला पण तोडणार वाटतं हा. सेठचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. घरचं गेलं, खात्यातलंही गेलं.

सुकदेव सेठकडे वळला. "सेठ, मूं लगाना पडेगा."

आता हे नीट सांगायला हवं. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी भरतो आणि तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून तोंडानं ओढून घेतो. दिवसातून शंभरदा. दिवसपाळीवाल्यानं ओढलेला तोच धोटा रातपाळीवाला तोंडाला लावतो, आणि खात्यात त्याला कुणी उष्टा म्हणत नाही. पण हा सेठचा पाइप होता. त्याला एका विणकराचं तोंड लागलं की सेठ तो पुन्हा ओढणार नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

झोपाळा थांबला.

"लगाड," सेठ म्हणाले.

सुकदेवनं खिशातून धागा काढला. वाटीचं तोंड अंगठ्यानं दाबलं, धाग्याचं टोक खालच्या छिद्राशी धरलं आणि दांडी ओठांत घेऊन श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. टोक दुमडलं. सेठाणींनी तोंडाला पदर लावला. मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होतो. त्यानं टोक दातांनी तोडलं, बोटांत पीळ देऊन परत छिद्राशी धरलं आणि तिसऱ्यांदा ओढलं. त्याच्या कानशिलाची शीर तट्ट फुगली. धागा हलला. मग सुळकन वीतभर आत गेला.

त्यानं जीभ बाहेर काढली. जिभेवर धाग्याचं टोक होतं. दोन्ही टोकं धरून त्यानं धागा ताणला, तर तो दांडीतून वाटीच्या बुडाखाली सरळ आरपार. मग तो हिंदीत म्हणाला की सेठ, पडल्यावर लाकूड चिरतं, त्याला असं सरळ भोक पडत नाही. हे भोक पाडणाऱ्या बरम्याचं काम आहे. नव्या धोट्यातही असंच असतं, भोक चुकलं की लाख आणि भुसा भरतात, वरून रंग चढवतात. गरम झालं की भरलेलं गळतं.

सेठनी सुई मागवली आणि स्वतः छिद्राची कड कोरली. तपकिरी भुगा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडला. तो त्यांनी बोटांत चोळून पाहिला. स्वतः कापडाचे व्यापारी, डागी ताका चांगल्या ताक्यांत कसा खपवतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शेवटी म्हणाले की कलाला उद्यापासून पाठव. चुकलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

आम्ही अक्षरशः पळत घरी आलो. सुकदेवनं वाटेत भेटलेल्या तिघांना सगळं सांगितलं, आणि मला तो माणूस पहिल्यांदाच मनापासून आवडला. कलाबाई भाकरी थापत होती. त्यानं हातवारे करून तिला धागा कसा गेला ते दाखवलं, भुगा कसा पडला ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "आन ते भोक नही सापडतं तं?"

"सापडनं ना!" तो हसत म्हणाला.

"नही सापडतं तं?"

मी खाली बघायला लागलो. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि मी असतो तर तेच केलं असतं. सुकदेवचं हसू मावळलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आम्ही तं पडना आसंच सांगाले गयथूत," तो म्हणाला.

कलाबाईनं हातातला गोळा परातीत ठेवला. मग आमच्या दोघांकडे, एकेकाकडे, नीट पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि ती उचलायला आमच्यापैकी कुणाचाच हात पुढे होत नव्हता.