सुतकातला खेटा

माझा थोरला भाऊ कागलला प्राथमिक शाळेत मास्तर होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी त्याच्या तोंडावर सूज यायला लागली. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, घरी न्या, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आमचे वडील, आबा, कोल्हापुरात कचेरीत कारकून. कधी देवळात न जाणारा माणूस. पण त्यांनी जोतिबाचे खेटे बोलले. माघात पाच रविवार कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगर चढायचा. आई दादाजवळ थांबायची, म्हणून सोबतीला मी जायचे. तेव्हा मी कॉलेजात होते.

पहिल्या रविवारी कुशिऱ्याची चढण लागली तेव्हाच आबांच्या टाचा फुटल्या होत्या. तरी ते थांबले नाहीत. घरी आल्यावर दादाच्या कपाळाला गुलाल लावायचे. दर आठवड्याला ते कपाळ जास्त पिवळं दिसायचं. चौथ्या खेट्याआधी दादा म्हणाला, "आबा, आता जाऊ नका. घरात बसा माझ्याजवळ."

"दोनच तर राहिल्यात," आबा म्हणाले आणि निघाले.

चौथ्या खेट्यानंतरच्या गुरुवारी दुपारी दादा गेला.

पाचव्या रविवारी पहाटे दार वाजलं म्हणून मी उठले. आबा अनवाणी रस्त्याला लागले होते. सुतक होतं, देवळात पाऊल टाकता येणार नव्हतं. आईनं मला नुसतं हातानं खुणावलं, जा त्यांच्यामागं.

वर चांगभलंचा गजर चालला होता. आबा कमानीच्या अलीकडंच उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं मूठ पुढं केली, "पावणं, गुलाल घ्या की."

"सुतक हाय," आबा म्हणाले. "पोरगा गेला."

त्यानं मूठ मागं घेतली आणि तो बाजूला झाला. आबा शिखराकडं बघत राहिले. हात जोडले नाहीत, रडलेही नाहीत. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "त्यो म्हणत हुता, जवळ बसा."

मग आम्ही उतरायला लागलो. वर येणारी माणसं आम्हाला वाट देत होती. दर्शन घेऊन परतणाऱ्यांना देतात तशी.