समोरच्या टोकाला

शंभरीला टेकलेले तात्या रोज दुपारी ओस मैदानाच्या कडेला बाकावर बसतात. एके काळचे नावाजलेले फलंदाज. त्यांच्या संघातले बाकीचे दहाही जण गेले; शेवटचा परवाच. काल शेजारी बसून, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तात्या, तुम्ही मात्र नाबाद!"

ते उखडलेच. "क्रिकेट कळतं का तुला? दहा गेले की अकरावा नाबाद असला तरी डाव संपतो. एकट्याला खेळू देत नाहीत."

मी ओशाळलो. खूप जगणं म्हणजे जिंकणं, असं आपण उगाच धरून चालतो. समोरच्या टोकाला कुणीच नसेल, तर धाव घ्यायची कुणाबरोबर?

"मग तुमचा डाव?" मी हळूच विचारलं.

"चालू आहे ना," खेळपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे बघत ते म्हणाले. "फक्त समोर कोण उभा आहे, ते ओळखू येत नाही."

मैदानात चिटपाखरू नव्हतं. वारा पूर्ण पडला होता. एकाएकी तात्यांनी तळहात पुढे केला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "नो! मागे जा!"

खेळपट्टीच्या मध्यावर, भरधाव येणारं कुणी करकचून थांबावं, तशी धूळ उडाली.