आत्यांच्या हातचं तेल

आत्यांच्या दुकानात इंजिन ऑइलचा डबा मिळण्याआधी गिऱ्हाइकाला उलटतपासणी द्यावी लागे. गाडी कोणती, किती चालली आणि रोज जाते कुठे? तिसऱ्या प्रश्नाला कुणी "इकडे तिकडे" म्हणालं की डब्याकडे गेलेला हात आत्या मागे घेत. "इकडे तिकडे म्हणजे कुठे? चढ आहे का? मागे बायको बसते की सिमेंटची गोणी?" एकदा एक जण वैतागून म्हणाला, "आत्या, तेल घ्यायला आलोय, मुलगी मागायला नाही." आत्या शांतपणे म्हणाल्या, "मुलगी नाही तरी म्हणू शकते. इंजिन बिचारं द्याल ते पितं, म्हणून त्याच्या वतीनं मी विचारते."

दुकान मुळात त्यांच्या भावाचं. भाऊ गेला तेव्हा त्याची मुलं लहान होती आणि वहिनीला पेट्रोलच्या वासानंही मळमळायचं. आत्यांनी पदर खोचला आणि काउंटरमागे उभ्या राहिल्या, त्याला आता एकवीस वर्षं झाली. मुलं आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणू लागली. दुकान एवढंसं, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. पण त्या दोन भिंतींत छतापर्यंत रचलेल्या डब्यांपैकी कुठला कोणत्या गाडीचा, हे त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ठाऊक.

गाडीतून काढलेलं जुनं तेल बाटलीत भरून आणायचं, हा त्यांचा दंडक. त्यातले दोन थेंब चिमटीत घ्यायच्या, चोळायच्या, हुंगायच्या. "काळं झालं म्हणून घाबरू नकोस. काळं झालं म्हणजे कामाला लागलं. वास करपट आला असता तर तुझी खैर नव्हती." कुणी महागातलं मागितलं तर उडवून लावायच्या, जाड मागितलं तर अधिकच. ज्या इंजिनाला पातळ तेलाची सवय, त्याला जाड पाजलं तर सकाळी सुरू होताना ते शिव्या देतं, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर आत्या कधी चुकत नसत. माणसांचे चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. बँकेत कुणी हसून विचारपूस केली तर कोऱ्या चेहऱ्यानं बघत बसत, आणि बाहेर त्याची गाडी दिसली की, "अरे, सायलेन्सरला तार बांधलेला तूच का!"

एवढ्या सगळ्या कौतुकात एक गोष्ट त्यांनी जगापासून लपवली होती. वर्षभरापासून डब्यामागची बारीक अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली होती. भाचीनं आणून दिलेला चष्मा गल्ल्यात पडून होता. काउंटरवर चष्मा लावून अक्षरं शोधत बसलेली आत्या त्यांना स्वतःलाच पसंत नव्हती. "डबा मी रंगावरून सांगते," असं त्या ऐटीत म्हणायच्या, आणि लोकांना ती हुशारी वाटायची.

त्या दिवशी सकाळी पाववाला गाडी ढकलत आला. डोंगराकडच्या वस्त्यांवर रोज पाव पोचवणारा हा माणूस, मागच्या पेटीतले पाव तसेच. शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीनं गाडी सुरू केली, गिअर टाकला, मूठ पिळली. इंजिन बोंबललं, गाडी मात्र जागची जेमतेम हलली.

"क्लच सरकतोय," मिस्त्री म्हणाला. "पण प्लेटा मी चारच महिन्यांपूर्वी टाकल्यात. तेलाचं काही तरी आहे."

आत्या काउंटरमागून बाहेर आल्या. "तेल माझ्याकडचं आहे, मिस्त्री."

"आणि प्लेटा माझ्याकडच्या आहेत, आत्या."

एव्हाना समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला होता, म्हणजे गल्लीला तमाशा लागला होता. आत्यांचा पारा चढला. "एकवीस वर्षांत एकदा तरी माझ्या तेलानं कुणाची गाडी अडली असेल तर सांग! माझं तेल चुकीचं निघालं ना, तर आत्ता या दुकानाला कुलूप लावीन!"

पाववाला मध्येच चाचरत म्हणाला, "डबा आहे माझ्याकडे. पाणी भरून ठेवतो त्यात." त्यानं पेटीतून करड्या रंगाचा डबा काढला. आत्यांना हायसं वाटलं. करडा डबा म्हणजे गिअरच्या मोटरसायकलचं तेल, स्कूटरचं तेल हिरव्या डब्यात.

मिस्त्रीनं डबा फिरवून मागची अक्षरं वाचली. मग आत्यांच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाला, "आत्या, आत चला. नंतर बोलू."

आत्यांनी डबा हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. अक्षरांच्या जागी त्यांना मुंग्यांची रांग दिसत होती. काय झालं असावं हे त्यांना त्याच क्षणी कळलं. मिस्त्री भला माणूस होता. प्लेटा जुन्या झाल्या म्हणून सांगून त्यानं सगळं पोटात घातलं असतं.

"मोठ्यानं वाच," आत्या म्हणाल्या.

"आत्या, कशाला उगाच..."

"न्हाव्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच."

मिस्त्रीनं वाचलं, "फक्त बिनगिअरच्या स्कूटरसाठी." कंपनीनं नव्या मालापासून दोन्ही तेलांचे डबे करडे केले होते. स्कूटरचा क्लच बाहेर कोरडा असतो, त्यामुळे तिचं तेल कितीही निसरडं असलं तरी चालतं. मोटरसायकलच्या क्लचच्या प्लेटा मात्र इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. तिथे हे तेल गेलं की प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत.

आत्या पाववाल्याकडे वळल्या. "चूक माझी. मला बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही." मग हा डबा ज्यातून दिला होता, ते बारा डब्यांचं खोकं त्यांनी पुढे ओढलं. पाच शिल्लक होते. एक पाववाल्याचा. म्हणजे सहा गाड्या कुठे तरी याच तेलावर धावत होत्या, आणि त्यांतली एखादी चढावर मागे ट्रक असताना दगा देणार होती.

मिस्त्रीनं पाववाल्याचं तेल काढलं, योग्य तेलानं इंजिन एकदा धुतलं, पुन्हा भरलं. गल्लीत चार चकरा मारल्यावर क्लच पकडू लागला. तोवर आत्यांनी चष्मा लावून डबे एकेक वाचून पिशव्यांत भरले, पाना आणि जुनं तेल धरायला पसरट परात घेतली, आणि म्हटल्याप्रमाणे दुकानाला कुलूप लावलं. पाववाल्याच्या मागे पेटीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी तुझे पाव पोचवू. मग तू मला त्या सहा गाड्यांपाशी पोचव."

गिऱ्हाइकांची नावं त्यांना कुठली आठवायला! पण गाड्या सगळ्या डोळ्यांपुढे होत्या. टाकीवर पोपटाचा स्टिकर असलेली गादीवाल्याच्या दारात सापडली. सीटला लाल रेक्झिनचं ठिगळ असलेली शाळेच्या शिपायाची निघाली. गादीवाल्यानं दोन शब्द ऐकवले, ते आत्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. शिपाई म्हणाला, होतं असं कधी कधी. त्याच्याही पुढे त्या तेवढ्याच वाकल्या. प्रत्येक दारात जमिनीवर बसून स्वतः बोल्ट खोलत होत्या आणि तेच वाक्य बोलत होत्या, चूक माझी. दुपारपर्यंत पाच गाड्या झाल्या. आत्यांचे गुडघे किती दुखत असतील हे पाववाल्याला मागून येणाऱ्या कण्हण्यावरून कळत होतं, पण थांबू या का विचारण्याची त्याची छाती झाली नाही.

सहावी गाडी डावा आरसा नसलेली. ती त्यांना टेकडीच्या रस्त्यावर दिसली. वर पाण्याची मोठी टाकी होती, आणि गावाला पाणी सोडणारा टाकीवाला आपली गाडी ढकलत चढ चढत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"कधीपासून ढकलताय?" आत्यांनी विचारलं.

"झाले पाच दिवस. सपाटीला चालते, चढाला नुसती ओरडते." टाकीवाला गाडीच्या टाकीवर हात ठेवून हसला. "पाणी उशिरा सुटतं म्हणून लोक बोलतात. थकली हो गाडी. उद्या भंगारवाल्याला बोलावलंय."

"तेलाचा संशय नाही आला?"

"तुमच्या हातचं तेल, आत्या! त्यावर कसा संशय घ्यायचा? म्हटलं, गाडीचंच आयुष्य संपलं."

गल्लीसमोर डबा वाचून घेताना आत्यांना एवढी शरम वाटली नव्हती. ती आत्ता भर उन्हात त्या चढावर वाटली. आपण कमावलेल्या नावापायी हा माणूस पाच दिवस गाडी ढकलत होता, आणि चांगली गाडी मोडीत घालायला निघाला होता. त्यांनी सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. त्यानं चिडावं, ओरडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

टाकीवाल्यानं ऐकून घेतलं. गाडी स्टँडवर लावली, कपाळ पुसलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मग आता कोणतं घालायचं म्हणता?"

आत्यांनी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला. "मागचं बारीक लिहिलेलं वाचा आधी."

"तुम्ही देताय म्हटल्यावर..."

"तेवढं म्हणू नका. वाचा."

टाकीवाल्यानं डबा उजेडाकडे धरला आणि अक्षरांखाली बोट ठेवून अडखळत वाचायला लागला. आत्या पाना घेऊन गाडीशेजारी बसल्या होत्या. त्यानं शेवटचं अक्षर वाचेपर्यंत त्यांनी बोल्टाला हात लावला नाही.