मिनिटाला सहा शब्द

मंडळी, फोन बाबांच्या खोलीत ठेवून हे लॅपटॉपवरून लिहितेय. कारण सांगते.

मुरलीपुऱ्यातल्या या घरात आता बाबा आणि मी दोघंच. बाबा फौजेत असताना मोर्स कोडने संदेश पाठवायचे. आज दुपारी मी टकटक ऐकून मोर्सचा वेग मोजणारं एक ॲप उघडलं आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी चमच्याने टेबलावर टकटक केली. मिनिटाला अठरा शब्द.

"मतलब सेकंदाला जेमतेम पंधरा बिट," मी हिशोब केला. "आपलं वायफाय दहा कोटी देतं, बाबा."

बाबा हसले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. आकडा शून्यावर यायला हवा होता. तो सहावर येऊन थांबला.

"सहा? मग तुझी आई असेल," बाबा सहज म्हणाले. "मी शिकवलं होतं तिला. सहाच्या पुढे कधी गेलीच नाही."

आई गेल्याला हा दुसरा हिवाळा.

मी स्वयंपाकघरात गेले. नळ स्टीलच्या पातेल्यात ठिबकत होता. जिवात जीव आला. नळ घट्ट बंद केला, पातेलं उपडं घातलं आणि परत आले.

आकडा सहाच होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"थांब जरा," ते हळूच म्हणाले. "तिचं बोलणं पुरं होऊ दे."

आता अंधार पडलाय, आकडा तसाच आहे. दहा कोटींच्या वायफायवरून तुम्हाला विचारतेय, ते ॲप तुम्ही बंद केलं असतं का?