जुबैदाखालाचा खुबा

आमच्या मोहल्ल्यात लग्नाचं छापील कार्ड पुरुषांसाठी. बायकांना तोंडी बुलावा लागतो, आणि तो जुबैदाखालाच्या तोंडून आला नाही तर बायका फुगून बसतात. खालून हाक मारलेली तिला चालायचीच नाही. दारात उभं राहून सांगितलं तरच तो बुलावा, म्हणून खाला गल्लीतला एकूण एक जिना चढायची.

पंच्याऐंशी साली तिचा उजवा खुबा गेला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नवा बसवला, स्टीलचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी. बाई अशी काही चालू लागली की विचारू नका! डॉक्टरने दर वर्षी खुब्याचा एक्स-रे फोटो काढायला बोलावलं होतं, पण ही कसली जाते? "दुखतच न्हाय तर फोटो कशाला? मी काय नवरी हाय?"

शहाण्णव साली ती माझ्याशी भांडायला आली. मी नूरी, तिचे कपडे मीच शिवते. सलवारीचा उजवा पाय जमिनीवर लोळत होता.

"नूरे, डोळे गेले का तुझे? एक पाय लांब शिवलास!"

माझं डोकंच सणकलं. टेप लावून दाखवली, दोन्ही बाजू सारख्या. ऐकेल तर खाला कसली! शेवटी उजवीकडे बोटभर दुमडून दिलं. ईदेला नवी शिवली तर पुन्हा तेच, आता दोन बोटं. थोडी लंगडायची, पण ते म्हणे वय झालं म्हणून. वर नूरीचा हात बिघडला, असं जगभर सांगत सुटली. मग मात्र मी तिला हाताला धरून उठवलं. "चल, तुझ्या डॉक्टरलाच विचारू, सलवार लांब की पाय आखूड!"

भांडत भांडत गेलो. डॉक्टरने फोटो उजेडावर धरला आणि त्याचा चेहरा उतरला. वाटीचं प्लास्टिक झिजलं होतं, त्याच्या भुकटीपायी आजूबाजूचं हाड विरत गेलं होतं, आणि वाटी वर सरकून पायच आखूड झाला होता. दुखत नाही म्हणून कळत नाही, म्हणाला. अशीच जिने चढत राहिली असती तर हाड मोडून कायमची खाट धरली असती. आता पुन्हा ऑपरेशन करून हाडाची भर घालायची. जिने चढता येतील की नाही, ते आज सांगता येत नाही.

मी जिंकले होते, आणि मला रडू आवरेना. खालाच म्हणाली, "गप गं! तुझी टेप खरी निघाली ना? मिठाई वाट."

त्याच महिन्यात माझ्या लेकीचं, खदीजाचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी अंबाडी गावची, त्यांना घाई. मी साफ सांगितलं, खाला उठल्याशिवाय तारीख नाही. खदीजाच्या अब्बांनी कपाळावर हात मारला. "दुसरी कुणी सांगेल बुलावा."

"दुसरी कोण? तुम्ही सांगणार बायकांना?"

ऑपरेशन झालं. खाला आधी वॉकरवर, मग काठीवर आली. पाऊस सरला तेव्हा डॉक्टर म्हणाला, जिना चढून बघा, चढताना चांगला पाय आधी टाका.

बुलाव्याच्या दिवशी खाला अत्तर लावून हजर. मी म्हटलं, "आज तळमजल्याचीच घरं घेऊ."

"आणि वरच्या रुसल्या म्हणजे? आधी वर!"

काठी टेकत, "चांगला आधी, चांगला आधी" पुटपुटत ती निघाली. पडली तर धरायला मी मागे. पहिल्या मजल्यावर ती कठडा धरून थांबली, मी दोन्ही हात पुढे केले. श्वास घेतला, पुन्हा निघाली. दुसऱ्या मजल्यावर धाप मलाच लागली, मी तिथेच बसकण मारली. काठीचा आवाज वर वर गेला. कडी वाजली. आणि खालच्या कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटातूनही स्वच्छ ऐकू आलं, "शुक्रवारी आमच्या खदीजाचा निकाह हाय! पोरंबाळं घेऊन या, घरी चूल पेटवायची न्हाय!"

ओढणीत तोंड खुपसून मी हसत होते की रडत होते, देव जाणे. दागिने झाले होते, कपडे मीच शिवले होते, पण माझ्या पोरीचं लग्न आहे हे मला तिथे, त्या जिन्यात खरं वाटलं.